शिक्र्याच्या घरट्यावरची फांदी

खांदा कॉलनीतल्या त्या घरात कामाला आले तेव्हा सगळ्यात आधी मी माझ्या खोलीचं दार पाहिलं. आतून कडी होती. घट्ट बसणारी, तेल दिलेली. त्याआधीच्या घरी ओट्याखाली अंथरूण घालत होते, आणि पहाटे कोणी पाण्याला आलं की झोपेतच पाय आखडून घ्यायची सवय लागली होती. इथे पहिल्या रात्री कडी लावली, काढली, पुन्हा लावली. या घरावर माझा जीव जडला तो तिथेच. पुढचं सगळं सांगताना हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की ही बाई खाल्ल्या मिठाला जागत नाही.

आमचं गाव भंडाऱ्याकडचं, धानाच्या बांध्यांचं, म्हणजे भातखाचरांचं. सातवीनंतर शाळा सुटली, मग लग्न झालं, मग लग्नही सुटलं. आजारी माणसं सांभाळायला बायका पाठवणारा एक ब्युरो होता, त्याने मला पनवेलला आणून सोडलं. इकडे आल्यापासून माझ्या पोटात एक गोळा कायमचा आहे. फोन वाजला की वाटतं, आता सांगणार, उद्यापासून येऊ नका. गॅस बंद केला का हे तीनदा बघते. आजोबा दुपारी झोपले की छाती वरखाली होते ना, तेही बघून येते.

आजोबा म्हणजे ज्यांना मी सांभाळते ते. बायको गेलेली, एकुलती मुलगी परदेशात. अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात आणि उजवा पाय गेला, जीभ जड झाली. पण जड जिभेनेही टोमणे मारायचं काही थांबलं नव्हतं. पहिल्याच दिवशी माझं वरण तोंडात घातलं आणि म्हणाले, "हे वरण आहे की शिक्षा?"

"तिखट कमी टाकते उद्या."

"उद्या कोणी पाहिलाय? आज पाणी दे."

उभं आयुष्य त्यांनी बंदरातल्या कचेरीत काढलं आणि सगळे रविवार खाडीकाठी. पक्ष्यांचे फोटो काढायचे, त्यातही शिकारी पक्ष्यांचे. घारी, ससाणे, गरुड. कपाटात हाताएवढ्या लांब भिंगाचा कॅमेरा होता. तो उचलायची ताकद त्यांच्या एका हातात नव्हती, म्हणून मी उचलू लागले. गॅलरीत तिपाई मांडायची, त्यावर कॅमेरा बसवायचा, त्यांची खुर्ची शेजारी आणायची. ते मागच्या छोट्या पडद्यावर बघणार आणि बटण मी दाबणार.

"दाब. अगं दाब! काय मुहूर्त बघतेस?"

"तुम्हीच म्हणालात, डोळा स्पष्ट होऊ दे."

"झाला होता. आता तो पक्षी म्हातारा झाला."

असा ओरडा खात खात मी शिकले. सातवी शिकलेल्या बाईच्या हातात इतकी महागाची वस्तू द्यायची आणि ती पडेल म्हणून एकदाही तोंडातून काढायचं नाही, असं माणूस मला आयुष्यात दुसरं भेटलं नाही. पक्ष्यांचं पुस्तकही माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचे. मी अडले की ते थांबायचे. हसले नाहीत कधी.

बिल्डिंगच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीला लागून, एक रायवळ आंबा आहे. फळ इतकं आंबट की पोरंही दगड मारत नाहीत. आमची गॅलरी तिसऱ्या मजल्यावर, आणि आंब्याचा शेंडा जवळजवळ आमच्या कठड्यापर्यंत. होळीच्या सुमाराला त्यावर दोन पक्षी यायला लागले. लहान चणीचे, छातीवर तांबूस पट्टे, चोच वाकडी.

"घारीचं पोर दिसतं बाप्पा," मी म्हटलं.

"घारीचं पोर म्हणे! शिक्रा आहे तो."

"आमच्याकडे शिकरा म्हणतात. कोंबडीची पिल्लं उचलतो. पण तो मोठा असतो."

"तुमच्याकडे सगळंच मोठं. इथे गरिबाकडे एवढाच आहे, चालवून घे."

पण त्या दिवशी त्यांनी चहा गार होऊ दिला. नर काटक्या मोडून आणत होता, मादी त्या लावत होती. दोन फांद्यांच्या बेचक्यात, आमच्या नजरेच्या थोडं खाली, घरटं उभं राहत होतं. त्याच्यावर एक मोठी डहाळी झुकलेली होती, दाट पानांची, घराला वळचण असते तशी. त्या डहाळीमुळे आम्हाला घरटं अर्धंमुर्धंच दिसायचं. पानं वाऱ्याने हलली की मादीची पाठ दिसायची, पुन्हा हिरवा पडदा.

मी म्हटलं, "ही फांदी नसती तर किती छान दिसलं असतं."

आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवघरात चप्पल घालून गेले होते.

"नीट ऐक," ते म्हणाले. जड जिभेने एकेक शब्द ओढत म्हणाले, म्हणून माझ्या डोक्यात तो पक्का बसला. "घरट्याला हात लावायचा नाही. घरट्याच्या फांदीला नाही. पानालाही नाही. लांबून जे मिळेल ते आपलं. नाही मिळालं, नाही मिळालं. ती फांदी तिने बघून निवडलीय."

मग त्यांनी सांगितलं की त्यांचा एक फोटो काढणाऱ्यांचा कंपू होता. दर रविवारी जीपमधून जायचे. एकदा खाडीकडे एकाने फोटोसाठी घारीच्या घरट्यापुढची फांदी कापली. आजोबा त्याला सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलले आणि त्या दिवसापासून कंपू सोडला. कंपूनेही त्यांना सोडलं. झटका आला तेव्हा भेटायला त्यातलं कोणी आलं नाही. हे सांगताना त्यांच्या तोंडाची बरी बाजू जराशी हसत होती. त्यांना त्याचा अभिमान आहे असं तेव्हा मला वाटलं.

मादी अंड्यांवर बसली. नर सरडे आणायचा, कधी चिमणी, कधी उंदराचं पोर. टिट्यू-टिट्यू अशी हाक दिली की ती उठून शेजारच्या फांदीवर जायची, घास घ्यायची, परत येऊन बसायची. मला ते बघून वाटायचं, आपल्यालाही कोणी असं हाक मारून जेवायला बोलावलं असतं तर. मे महिना लागला तेव्हा पानांच्या फटीतून एक पांढरं डोकं हललं. मग दुसरं. मग तिसरं. शेवरीच्या बोंडातून कापूस निघावा तसं.

तो फोटो मी काढला. पुढे पानं, मागे धूसर मादी आणि मधल्या फटीत एक पिल्लू, डोळा लख्ख. आजोबा पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"बरा आहे," म्हणाले. म्हणजे फार छान आहे.

मी तो त्यांच्या मुलीला पाठवला. तिने आपल्या फोनवर सगळ्यांना दिसेल असा लावला, 'बाबा पुन्हा फोटो काढायला लागले' असं लिहून. आणि दुसऱ्याच दिवशी आजोबांचा फोन वाजला. वाटलं, झालं, आता निघायचं. पण फोन त्या जुन्या कंपूतल्या एकाचा होता, रोडपालीला राहणाऱ्या. आता तोच त्यांचा पुढारी झाला होता. सगळे त्याला दादा म्हणतात.

"काका! तुम्ही तर आम्हाला विसरलातच!"

विसरलं कोण, हे विचारायला जीभ जड नव्हती हो आजोबांची. पण ते म्हणाले, "या ना. कधी येता?"

फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "दाढी कर माझी."

"कालच केली."

"मग आज पुन्हा कर. आणि तो निळा शर्ट. इस्त्री करून."

दादा आला, बरोबर दोघं. पायातले बूट बाहेर, दबक्या पावलांनी. गॅलरीला त्यांनी हिरवं जाळीचं कापड बांधलं आणि त्याला भोकं पाडून त्यातून भिंगं बाहेर काढली. आजोबांची खुर्ची मधोमध. आजोबा खाडीच्या, गरुडांच्या, भरतीत अडकलेल्या जीपच्या गोष्टी सांगत होते आणि ते तिघे हसत होते. मी चहा देत होते, कांदेपोहे देत होते. खरं सांगते, मलाही आनंद झाला. त्यांचं बोलणं दोन दिवसांत सुधारलं. डॉक्टरांनी सांगितलेल्या जिभेच्या व्यायामांनी जे होत नव्हतं ते माणसांनी झालं.

आमच्याकडे करंजाड्याहून एक मावशी मासळी घेऊन येते. दारात टोपली टेकवली आणि आत डोकावून म्हणाली, "काय गो, लगीन हाय का काय घरान? म्हातारा येवडा बोलतो कोनाशी?"

"पाखरांचे फोटो काढायला माणसं आलीत, मावशी."

"पाकराचं फोटू?" ती तोंडाला पदर लावून हसली. "माजा बी काडायला सांग की. मी काय वायट दिसतो का? बोंबील घे म्हनाव, मोप पोज देतो."

आजोबांनी आतून ऐकलं आणि किती दिवसांनी खदाखदा हसले. त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा किती स्पष्ट बोलतायत! ताई, त्या लोकांना येऊ देत जा हं. नाही म्हणू नका कोणाला." मी कशाला नाही म्हणू? घर त्यांचं, पाहुणे त्यांचे.

तिसऱ्या वेळी आले तेव्हा दादा कॅमेऱ्यातून डोळा काढून म्हणाला, "काका, ती वरची फांदी मधे येते हो."

आजोबांची मान पडद्यावरून वर आली.

"तोडायची नाही, काका. तुमचं तत्त्व आम्हाला माहितीय. तोडणारे आपण नव्हेच. नुसती जराशी बाजूला घेऊ. दोरीने. संध्याकाळी सोडून देऊ, तिला कळणारही नाही."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. पाणी हवं असलं की ते असेच बघतात. म्हणून मी पाणी आणायला आत गेले. पेला धुतला, माठातून पाणी घेतलं, आणि बाहेर आले तोवर ते बोलून गेले होते. शेवटचा शब्द तेवढा मला ऐकू आला. "घ्या." अगदी स्पष्ट, कुठेही न अडखळता.

दोरी त्यांच्याच पिशवीत होती, हिरवी नायलॉनची. म्हणजे ते ठरवूनच आले होते. एकाने कठड्यावरून वाकून आकडीने डहाळी ओढली, दुसऱ्याने फास टाकला, आणि ती वर-बाजूला खेचून आमच्या ग्रिलच्या कोपऱ्याला गाठ मारली. मादी चिरकत उडाली, दोनदा अंगावर आल्यासारखी झेपावली. सगळे आत पळाले आणि हसले. थोड्या वेळाने ती परत येऊन बसली. आता सगळं दिसत होतं. तिची पिवळी नजर, तिन्ही पिल्लं, घरट्यातलं हिरवं पान, सरड्याची शेपटी. पडदा उघडावा तसं. क्षणभर मलाही वाटलं, वा.

संध्याकाळी सामान आवरताना मी दादाला विचारलं, "फांदी सोडताय ना?"

"उद्या परत येतोय, ताई. रोज बांधा, रोज सोडा, त्याने पक्षी बिथरतो. आता तिला सवय झालीय. तिच्या भल्यासाठीच राहू दे."

हे ऐकायला किती समजूतदार वाटतं! पक्ष्याला त्रास नको म्हणून दोरी तशीच ठेवायची. मी आजोबांकडे पाहिलं. ते आपल्या निळ्या शर्टाचं बटण लावत होते, डाव्या हाताने, आणि ते लागत नव्हतं.

मेमधलं पनवेलचं ऊन ज्याने सोसलंय त्याला सांगायला नको. अंगाला चिकटतं. दुपारी सूर्य अगदी माथ्यावर असतो, आणि घरट्याचा माथा आता उघडा होता. दुसऱ्या दिवशी जेवणवेळेच्या आधीच मादी घरट्यात उभी राहिली, पाठ सूर्याकडे केली आणि दोन्ही पंख उघडून धरले. तिच्या पंखांखाली पिल्लं. तिची चोच उघडी, गळा धडधडतोय.

गॅलरीत एकदम कॅमेरे खडखडले.

"काय पोज दिलीय! काका, बघितलंत? काय पोज!"

"आई आहे, भाऊ. आई ती आई."

"हाच फोटो. आता दुसरा काही नको."

मी मागे ट्रे घेऊन उभी होते. आमच्याकडे वैशाखात कोंबडी अशीच उभी राहते, पंख अंगापासून लांब, चोच उघडी. माझी आई तेव्हा म्हणायची, जा, तिच्यावर पोतं टाक, मरेल. मी आजोबांच्या कानाशी वाकून म्हटलं, "तिला ऊन लागतंय."

ते पडद्याकडे बघत राहिले. "माहीत आहे," म्हणाले.

एवढंच. त्या दोन शब्दांची मला अजून चीड येते. मला माहीत नव्हतं, मी अडाणी. त्या तिघांना फोटोपुढे दिसत नव्हतं. आजोबांना माहीत होतं.

ते लोक गेल्यावर मी सरळ विचारलं, "सोडू का फांदी?"

"उद्या. ते येतील तेव्हा."

"पिल्लं भाजतील, आजोबा."

"उद्या म्हटलं ना!" डावा हात खुर्चीवर आपटला. पाणी सांडलं. मी फडकं आणलं, पुसलं, आणि दोरी तशीच राहू दिली. त्यांच्या मुलीचा शब्द डोक्यात होता, नाही म्हणू नका कोणाला. हे घर गेलं तर मी कुठल्या ओट्याखाली जाणार, हेही डोक्यात होतंच. ते कधी नसतं?

पुढच्या दुपारी सगळ्यात लहान पिल्लू घरट्याच्या काठावर मान टाकून पडलेलं दिसलं. मादी त्याला चोचीने ढकलून बघत होती. दादाने त्याचेही फोटो काढले. मग माझ्याकडे वळून मऊ आवाजात म्हणाला, "निसर्ग आहे, ताई. तिनातलं एखादं जातंच. मनाला लावून घेऊ नका."

जातं असेलही. मी कुठे शास्त्र शिकलेय. पण निसर्गाच्या हातात हिरवी नायलॉनची दोरी मी तरी कधी पाहिली नाही.

त्या दिवशी ते लवकर निघून गेले. आजोबांचा डोळा लागला. मी गॅलरीत गेले आणि गाठ सोडायला बसले. ऊन खाऊन ती दगडासारखी झाली होती. नखं दुखली, शेवटी सुरीने दोरी कापली. मला वाटलं डहाळी झपकन जागेवर जाईल, पुन्हा वळचण होईल. ती खाली आली ती लुळी. घरट्याच्या बाजूने लोंबकळत राहिली. बुंध्याजवळ तिची साल उभी फाटलेली होती, आत लाकूड पांढरं. पानं हिरवीच होती अजून, पण ग्रिलला अडकून राहिलेली हातात घेतली तर चुरगळत होती.

मागून आवाज आला, "आता सोडून काय उपयोग? सांधा फाटलाय तिचा."

आजोबा जागे होते. खुर्चीतून त्यांना फांदीचा बुंधा दिसणं शक्य नव्हतं.

"तुम्हाला कसं माहीत?"

"बांधली तेव्हा आवाज झाला."

"मला नाही आला."

"तू चिरकणाऱ्या मादीकडे बघत होतीस."

मी हातात सुरी घेऊन तशीच उभी राहिले. पहिल्याच दिवशी, खेचतानाच फांदी फाटली होती, आणि त्यांनी तो कडकड आवाज ऐकला होता. म्हणजे त्यानंतर रोज निळा शर्ट घालताना, रोज जीपची गोष्ट सांगताना, त्यांना ठाऊक होतं.

मग मला जे सुचलं ते केलं. एक जुनी चादर काठीला बांधली आणि गॅलरीतून घरट्यावर सावली पडेल अशी धरली. मादी घाबरून समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन ओरडायला लागली, काही केल्या खाली येईना. "काढ ते," आजोबा म्हणाले. "चादरीखाली ती यायची नाही. पिल्लं उपाशी मरतील." याबाबत त्यांचं बरोबर होतं. मी चादर काढली. ती आली. पुन्हा पंख पसरून उभी राहिली, आणि आम्ही दोघं सावलीत बसून ते बघत राहिलो. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुसरं पिल्लू कावळ्याने नेलं. मादी थकून क्षणभर खोडाच्या सावलीत जाऊन बसली होती, नर शिकारीला गेला होता. कावळे अशाच क्षणाची वाट बघत असतात. मी भांडं आपटलं, ओरडले, चप्पल फेकली. चप्पल खाली सेक्रेटरीच्या गाडीवर पडली आणि त्यांच्या बायकोने वर बघून मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. कावळा आरामात गेला.

दादाची माणसं त्यानंतर एकदाच आली. लोंबकळणारी डहाळी बघून दादाचं तोंड उतरलं.

"फांदी कोणी सोडली?"

"मी," मी म्हटलं.

"अहो ताई, विचारायचं तरी! पूर्ण फ्रेम घालवलीत. आता ही वाळकी काडी मधेच."

आजोबा म्हणाले, "अरे, तिला काय कळतं त्यातलं."

मी चहा ठेवायला आत गेले. साखर जास्त पडली, पडू दिली. जाताना दादाने हिरवी जाळी सोडून घडी करून नेली. डोंगराकडे सर्पगरुडाचं घरटं सापडलंय म्हणाला, आता काही दिवस तिकडे. "येत जाऊ, काका." आजोबा दारापर्यंत खुर्ची न्यायला लावून त्यांना अच्छा म्हणाले. ते जिना उतरेपर्यंत दार लावू दिलं नाही.

नंतर कोणी आलं नाही. आजोबा सकाळी दाढी करून घ्यायचे, निळा शर्ट मागायचे, बेल वाजली की मान वळवायचे. कधी दूधवाला, कधी कुरिअर, कधी मासळीवाली मावशी. "काय रं बाबा, गेलं का तुजं फोटूवालं?" तिने एकदा विचारलं. त्यांनी मान भिंतीकडे वळवली. बोलणं पुन्हा जड होत गेलं. माझ्याशी तर जवळजवळ बंदच. वरण तिखट झालं तरी काही म्हणत नव्हते, आणि ते मला शिव्यांपेक्षा लागत होतं. गॅलरीत खुर्ची नेऊ का विचारलं की मान हलवून नको म्हणायचे.

म्हणून तिसरं पिल्लू मी एकटीच बघत होते. ते शहाणं निघालं. दुपार झाली की सरकत सरकत खोडाच्या बाजूला जायचं, तिथे खोडाची बोटभर सावली पडायची, त्यात अंग चोरून बसायचं. कसं बसायचं ते मला कोणी समजावून सांगायला नको. सावली पुढे सरकली की तेही सरकायचं. पांढऱ्या लोकरीतून करडी पिसं फुटली. माझं रोजचं काम वाढलं. गॅस बघायचा, आजोबांची छाती बघायची, मग पिल्लू बघायचं. हे एवढं तरी जगू दे, असं मी देवाला म्हटलं नाही, कारण देवाला म्हटलेलं फारसं झालेलं मला आठवत नाही. पण घरातून बाहेर जायचं टाळत होते. भाजीही खालून दोरीच्या पिशवीने वर घेत होते.

एका सकाळी ते घरट्यातून उडी मारून त्या वाळलेल्या डहाळीवर येऊन बसलं. पंख फडफडवले, तोल गेला, पुन्हा सावरलं. नर समोरच्या टाकीवर पायात काहीतरी धरून ओरडत होता आणि द्यायला येत नव्हता. पिल्लू भुकेने चिरकत होतं. आणि मग ते निघालं. वेडंवाकडं, खाली जात, आता भिंतीवर आपटतं की काय असं वाटत असताना वर उचललं गेलं, आणि टाकीवर जाऊन पोचलं.

कॅमेरा तिपाईवरच होता. मी हात लावला नाही.

आत जाऊन सांगितलं, "उडालं."

"फोटो काढलास?" किती दिवसांनी ते माझ्याशी बोलले.

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. उडालं."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला कळत नाही त्यांना बरं वाटलं की आणखी वाईट. कदाचित दोन्ही. माणूस आजारी असला म्हणून सरळ असतो असं नाही, आणि चांगला असला म्हणूनही नाही.

पाऊस संपता संपता एका दुपारी त्यांच्या फोनवर दादाचा फोटो आला. पंख पसरलेली मादी, खाली तिन्ही पिल्लं, मागे पांढरं रणरणतं ऊन. कुठल्यातरी हॉलमध्ये तो मोठा करून भिंतीवर लावला होता आणि लोक त्याच्यापुढे उभे होते. खाली नाव दिलेलं, 'मायेची छत्री'. त्याखाली जोडलेल्या हातांच्या आणि लाल बदामांच्या रांगाच रांगा. कोणीतरी लिहिलं होतं, आईची आठवण आली.

आजोबांनी मला फोन समोर धरायला लावून तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "लिही त्याला. अप्रतिम."

उजवा हात चालत नाही, म्हणून त्यांचं सगळं लिहिणं मीच करते. लिहिलं.

"वाच."

"अप्रतिम," मी वाचलं.

"पुढे लिही. पुढच्या वर्षी ही जोडी याच झाडावर येणार. घरटं सुरू झालं की लगेच कळवतो. जरूर या."

माझी बोटं फोनवर थांबली. बाहेर आंब्याला नवी पालवी होती. ती डहाळी सोडून.

"आजोबा, हे मी लिहिणार नाही."

बोलून गेले. आता मुलीला फोन जाणार, मुलीचा ब्युरोला, ब्युरोचा मला. पिशवीत काय काय भरायचं तेसुद्धा डोक्यात येऊन गेलं. पण ते ओरडले नाहीत. डावा हात पुढे केला आणि म्हणाले, "दे."

मी फोन त्यांच्या मांडीवर ठेवला. ते डाव्या हाताच्या एका बोटाने लिहायला लागले. अक्षर शोधायचे, दाबायचे, चुकायचे, पुसायचे. कपाळावर घाम आला होता. प्रत्येक दाबाबरोबर फोन मांडीवरून घसरत होता. दोनदा घसरला, दोनदा त्यांनी कोपराने अडवला. तिसऱ्यांदा पडणार म्हणून मी खाली बसले आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"सरळ धर," ते म्हणाले.

मी सरळ धरला.